तेरची माती आणि पाटीवरची अक्षरे

धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी आपल्यापैकी पुष्कळांचे जाणे झाले असेल. तेरणेच्या काठी गोरोबाकाकांच्या समाधीवर माथा टेकवायचा, प्रदक्षिणा घालायची, वेळ असेल तर दोन अभंग म्हणायचे आणि प्रसाद घेऊन परतीला लागायचे, अशी आपली रीत. त्याच गावात शासनाचे एक वस्तुसंग्रहालय आहे, कै. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे. तिथे येणारा अभ्यासक काचेच्या कपाटांतली दोन हजार वर्षांपूर्वीची खापरे, मणी, बांगड्यांचे तुकडे पाहतो, वहीत टिपून घेतो आणि तोही परतीला लागतो. पुष्कळदा समाधीकडे न वळताच. आपण संग्रहालयात जात नाही आणि तो समाधीवर येत नाही. आज त्या संग्रहालयाविषयी आणि गावोगावच्या ऐतिहासिक पाट्यांविषयी थोडे परखड लिहायचे आहे. परखडपणा दोन्ही बाजूंना आहे, एवढे आधीच सांगून ठेवतो.

तेर हे काही आडबाजूचे खेडे नव्हते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' नावाच्या व्यापारी प्रवासपुस्तकात 'तगर' नावाच्या नगराची माहिती येते. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे त्यात सांगितले आहे. आपण मुक्कामांनी वाट मोजतो, तशीच त्या लेखकानेही मोजली. तगरचे साधे जाडेभरडे कापड आणि नाना तऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जात असे. हे तगर म्हणजेच आजचे तेर, असे फ्लीट या संशोधकाने १९०१ साली मांडले. पुढे १९५८ साली चापेकरांनी इथे उत्खनन केले, त्यानंतरही खोदकामे झाली. सातवाहनांची नाणी, शंखाच्या बांगड्या, रंगीत दगडांचे मणी, रोमी धाटणीच्या वस्तू, आणि मातीच्या मूर्ती व भांडी तर किती तरी, असे घबाड या मातीतून निघाले.

पण उत्खनन करणारे येण्याआधीही माती उकरली जातच होती. मराठवाड्यात शेतजमीन ती काळी आणि जुन्या वस्तीचा उंचवटा तो पांढरीचा. (पांढरी म्हटले की आपल्याला पंढरी आठवते. हा शब्द वेगळा आहे, ओढूनताणून नाते जोडू नये.) ही पांढरी माती धाब्याच्या घरांवर घालायला चांगली, पावसाचे पाणी लवकर झिरपू देत नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ती खणून नेली. त्या मातीबरोबर मणी गेले, नाणी गेली, मूर्तींची शिरे गेली. कुणाचा दोष काढण्याची ही गोष्ट नव्हे. घर गळत असताना सातवाहनांचा विचार कोण करणार? अशा गावात लामतुरे यांनी या वस्तू गोळा केल्या, जपल्या. तो संग्रह पुढे शासनाकडे आला आणि त्यातून संग्रहालय उभे राहिले. एका गावकऱ्याच्या हातून एवढे काम झाले. संग्रहालयाच्या दारावर त्यांचे नाव आहे ते म्हणूनच शोभते.

या संग्रहातली सर्वांत गाजलेली वस्तू म्हणजे हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती. इटलीतले पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तिथे १९३८ साली भारतात घडवलेली एक हस्तिदंती मूर्ती सापडली, आणि तेरची मूर्ती तिच्याशी फार मिळतीजुळती आहे. साहजिकच पाहुणा आला की तो हीच मूर्ती विचारतो. मला मात्र वाटते की या एका मूर्तीच्या प्रसिद्धीने बाकी संग्रहावर थोडा अन्यायच केला आहे. तेरचे खरे वैभव हस्तिदंतात नाही, ते मातीत आहे. आणि माती कशी पाहावी हे संग्रहालय आपल्याला शिकवत नाही.

अशा संग्रहालयांतल्या चिठ्ठ्यांची भाषा आपल्या ओळखीची आहे. वस्तूचे नाव, कशाची केली ते, आणि काळ. 'स्त्रीमूर्ती, भाजलेली माती, सातवाहन काळ.' झाले, पुढच्या कपाटाकडे चला. सातवाहन हे राजघराण्याचे नाव आहे. ती मूर्ती काही सातवाहन राजाने केली नाही. ज्याने केली त्याचे नाव मिळणार नाही हे खरे, पण त्याने ती कशी केली हे तर मूर्तीच सांगते, आणि तेवढेही चिठ्ठीवर येत नाही.

तेरला केओलिन या पांढऱ्या, मऊ मातीच्या मूर्ती सापडल्या आहेत, त्यांचेच पाहा. त्या दोन साच्यांतून काढलेल्या आहेत. एक साचा पुढच्या बाजूचा, एक पाठीचा. प्रत्येकात मातीचा पातळ थर बोटांनी दाबून बसवायचा, मग दोन्ही अर्धी कडेला कड लावून जोडायची. मूर्ती आतून पोकळ राहते. पोकळ कशासाठी? जाड, भरीव मूर्ती आत ओल राहिल्यामुळे भट्टीत तडकते. पोकळ मूर्ती सारखी भाजते, वजनाला हलकी होते आणि माती कमी लागते. अशी मूर्ती फुटली तर आतल्या बाजूला दाबणाऱ्या बोटांच्या खुणा दिसू शकतात. पुढून दागिने, केशरचना, हसरा चेहरा, आणि आत कारागिराचे बोट! काचेच्या कपाटात मूर्ती तोंडाने आपल्याकडे ठेवलेली असते, त्यामुळे ते बोट कधी दिसत नाही. कपाटात मागे एक आरसा लावला तरी काम होईल.

त्या काळातली आतून काळी आणि बाहेरून लाल अशी भांडीही तशीच. ती रंगवलेली नसतात. भांडे उपडे घालून भाजले की आत वारा पोचत नाही, तिथली माती काळी होते, आणि बाहेरची वाऱ्याने लाल होते. एका आगीत दोन रंग. हे दोन ओळींत लिहिता येते. लिहिले, तर शाळेचे पोरही भांड्यापुढे थांबेल.

आता आपल्या बाजूकडे येतो. गोरोबाकाकांची कथा आपण सारे जाणतो. काका नामात दंग होऊन चिखल तुडवीत होते, रांगते बाळ पायाखाली आले आणि त्यांना कळलेही नाही. कीर्तनात हा प्रसंग आला की मंडप गलबलून जातो. पण चिखल का तुडवायचा, हे किती कीर्तनकार सांगतात? कुंभाराच्या मातीत खडा राहिला, काडी राहिली, हवेचा बुडबुडा राहिला, तर मडके आव्यात फुटते. म्हणून माती भिजवून, तिच्यात राख किंवा लीद मिसळून, ती लोण्यासारखी एकजीव होईपर्यंत पायांनी मळावी लागते. तासन्‌तास तेच पाऊल, तीच लय. त्या लयीत नाम कसे बसत गेले असेल, आणि पोटरीभर चिखलात पायाला काय लागले हे कसे कळले नसेल, ते हे काम समजल्यावर उमजते. आपण चमत्काराकडे जायची घाई करतो आणि माती मागे राहते. मग कथेतली भीषणताही मागे राहते, कारण काकांच्या हातून जे घडले ते कामात घडले, रोजच्या, पोटाच्या कामात.

मुक्ताबाईंनी गोरोबांना संतांची मडकी पारखायला सांगितली, त्या प्रसंगाचेही तसेच. थापटणे घेऊन त्यांनी एकेकाच्या डोक्यावर थापटले आणि नामदेवराय कच्चे ठरले. आपण निरूपण करतो ते गुरुकृपेचे, आणि ते योग्यच आहे. पण ही परीक्षा कुंभाराच्या कानाची आहे, हेही सांगायला हवे. पक्के भाजलेले मडके टिचकीला खणखणते, कच्चे बद्द वाजते. बाजारात मडके घेताना आपली आजी तेच करीत असे. आणि थापटणे मुळात पारखण्याचे साधन नव्हे, घडवण्याचे आहे. आतून गोल दगड धरून बाहेरून थापट्या देत मडक्याचे पोट वाढवायचे, भिंत पातळ करायची. आतला हात नसेल तर बाहेरच्या थापटीने मडके फाटेल. हे कुंभाराच्या अंगणात उभे राहून पाहिले, तर पुढचे निरूपण आपोआप सुचते.

म्हणून मला तेरला या दोन वास्तू एकमेकींना पूरक वाटतात. समाधीपाशी काम करणाऱ्याचे नाव आहे, पण काम दिसत नाही. संग्रहालयात काम आहे, पण करणाऱ्याचे नाव नाही. मधे हजाराहून अधिक वर्षांचे अंतर आहे. सातवाहनकाळचे कुंभार हे काकांचे पूर्वज, अशी वंशावळ कुणी रचू नये. पण हुन्नर तोच, आणि काठ त्याच तेरणेचा. एवढे सांगणारी एक पाटी संग्रहालयात आणि एक समाधीच्या आवारात लावली, तर वाट चुकलेले दोन्हीकडचे लोक एकमेकांना भेटतील.

पाट्यांचा विषय निघालाच आहे, तर गावातल्या त्रिविक्रम मंदिराचाही विचार करू. विटांची, मागच्या बाजूला हत्तीच्या पाठीसारखी गोल झालेली ही वास्तू महाराष्ट्रात आज उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या बांधकामांपैकी आहे. हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ती पाहिली आणि मुळात हे बौद्ध चैत्यगृह असावे असे मत दिले. आत आज बळीच्या कथेतला त्रिविक्रम उभा आहे. आंध्रात चेझर्ला येथेही याच घडणीचे मंदिर आहे, तिथे शिव आहे. एवढ्या जुन्या विटा टिकल्या कशा? पूजा थांबली नाही म्हणून. दिवा लागत राहिला की भिंत पडू दिली जात नाही. भक्तीने इतिहास राखल्याचे याहून चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही, आणि ते मूळ कुणाचे होते या वादात आपण तरी आवाज चढवू नये.

संरक्षित स्मारकांपुढची निळी पाटी आपण सर्वत्र पाहतो. कोणत्या सालच्या कोणत्या अधिनियमाखाली हे स्मारक संरक्षित आहे, नासधूस करणाऱ्याला काय शिक्षा होईल, हे तीवर असते. कायद्याचे साल कळते, देवळाचे कळत नाही. पाटी वाचणाऱ्याला आधी चोर समजते आणि मग त्याच्याशी बोलतच नाही.

आणि ज्याला पाटीच नाही, त्याचे काय? जिल्ह्यात गावोगाव वेशीपाशी, पारावर वीरगळ उभे असतात. खाली लढाई, मधे अप्सरा वीराला नेताहेत, वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे आणि माथ्यावर चंद्रसूर्य. गुरे राखताना, गाव राखताना पडलेल्या माणसांचे हे दगड. कुठे त्यांना शेंदूर लागला, कुठे ते ओढ्यावर कपडे धुवायला गेले. शेंदूर लागलेले तरी सुखरूप आहेत.

भक्तीने दगड राखला जातो तसा झिजतोही, आणि तो झिजलेला दगड आपल्या पंढरपुरातच आहे. विठ्ठलमंदिरातला चौऱ्याऐंशीचा शिलालेख आठवा. त्याला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी समजूत. तो लेख शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ.स. १२७३ ते १२७७ या काळातला. देवळासाठी ज्यांनी दान दिले त्यांची नावे आणि दाने त्यात कोरली आहेत. यादवराजा रामचंद्रदेवालाही त्यात फडाचा मुख्य म्हटले आहे. आपण आज वापरतो तोच शब्द, फड! परंपरेने ज्ञानोबारायांचे जन्मसाल मानले जाते ते शके ११९७ याच अवधीत येते. म्हणजे आपल्या संप्रदायाच्या पहाटेच्या वेळी, त्याच देवासाठी ज्यांनी पदरचे मोडले त्यांची ही यादी आहे. आणि ती अक्षरे आपल्याच पाठींनी पुसली. हेतू वाईट नव्हता, हे मान्य. पण आपल्या आधी येऊन गेलेल्या वारकऱ्याचे नाव आपल्या मोक्षासाठी घासून काढावे, हे विठोबाला आवडेल असे मला वाटत नाही. शं. गो. तुळपुळे यांच्या 'प्राचीन मराठी कोरीव लेख' या ग्रंथात अशा लेखांची वाचने छापलेली आहेत. फडाच्या मठात ज्ञानेश्वरी-गाथेशेजारी तो ग्रंथ असावा, आणि एखाद्या एकादशीला त्यातले दानकर्ते वाचून दाखवावेत.

संग्रहालयाकडून आणखी एक अपेक्षा आहे. काकांची पुण्यतिथी चैत्र वद्य त्रयोदशीची, शके १२३९ मधली. त्या दिवशी तेरला गर्दी लोटते. त्या एका दिवशी तरी संग्रहालय रात्री कीर्तन उभे राहीपर्यंत उघडे ठेवावे, आणि अंगणात एक चाक, ओल्या मातीचा गोळा आणि गावातला एखादा कुंभार बसवावा. दिंडीप्रमुखांनीही समाधीचे दर्शन झाल्यावर वीणेकऱ्याला पुढे घालून मंडळींना तिकडे न्यावे. चपला बाहेर काढाव्या लागतील की नाही, ते तिथल्या सेवकाला विचारा, आणि पांढऱ्या मातीची एखादी फुटकी मूर्ती असेल तर ती आतून दाखवण्याची विनंती करा.