यमूचे वारसदार

एकोणिसावे शतक उभे करायचे म्हटले की आजच्या मराठी लेखकाकडे दोनच बायका असतात. एक आलवणातली, माजघराच्या काळोखात हुंदके देणारी. दुसरी समईच्या उजेडात नवऱ्याकडून अक्षरे गिरवून घेणारी, पदराआड लाजणारी. ‘उंच माझा झोका’ ही मालिका आणि २०१९चा ‘आनंदी गोपाळ’ चित्रपट यांनी दुसरीला घरोघरी पोहोचवले, आणि तेव्हापासून चरित्रात्मक कादंबऱ्यांतही तीच वावरते आहे. कजाग सासू, प्रेमळ आत्या आणि खलनायक मामा हे सोबतीला ठरलेले. आता मात्र कंटाळा आला.

हे साचे पाडले कोणी? ‘मुक्तामाला’ आणि ‘मंजुघोषा’ या आरंभीच्या कादंबऱ्यांच्या माथी हे पाप मारू नये. त्या नायिकांना रूप आणि संकटे यापलीकडे काही नव्हते, म्हणून त्यांचा संसर्गही झाला नाही. खरा वारसा हरिभाऊ आपट्यांचा. ‘पण लक्षात कोण घेतो’ ‘करमणूक’मधून क्रमशः येऊ लागली आणि तिच्या नायिकेने, यमूने, मराठी वाचकाला रडायला शिकवले. हरिभाऊंची थोरवी मी नाकारत नाही. बालपणीच्या यमूची बोली, दादाशी तिची भांडणे, मैत्रीण दुर्गीच्या संसाराची चाललेली परवड, हे सगळे आजही जिवंत वाटते. पण नवरा गेल्यावर शंकरमामंजींच्या घरात यमूचे केशवपन होते आणि मग तिला मरावेच लागते. लेखकाला तिच्यासाठी दुसरे काही सुचत नाही. त्याच्या तीसेक वर्षे आधी, १८५७ साली, बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’मधल्या विधवा यमुनेचे दुसरे लग्न लावून दिले होते. धर्मप्रचाराची कादंबरी म्हणून आपण तिला नाके मुरडतो; पण त्या प्रचारकाने नायिकेला निदान जगू दिले.

यमूची कहाणी लोक वाचत होते त्याच काळात देवरुखच्या जोशांची गोदूबाई प्रत्यक्षात जगत होती. आठव्या वर्षी लग्न, काही महिन्यांत वैधव्य, पुढे सासरी राबणे. इथवर यमूच. पण १८८९ मध्ये ती पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून दाखल झाली आणि ११ मार्च १८९३ रोजी तिने पुण्यात धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केले. नंतर दोघे कर्व्यांच्या गावी, मुरुडला गेले. गावाने सभा भरवून बहिष्काराचा ठराव केला. कर्व्यांना घरात घेतले तर घरच्यांनाही वाळीत टाकू, अशी तंबी दिली. ज्या गावासाठी कर्व्यांनी ‘मुरुड फंड’ काढला होता, ते हे गाव. आज दापोलीहून समुद्रावर जाणाऱ्यांना तिथे कर्व्यांचे स्मारक दिसते. बहिष्कार सोसलेल्या बाईची आठवण मात्र वाटेत कोणाला होत नाही.

लग्नानंतर बाया कर्वे झालेल्या या गोदूबाईचे ‘माझे पुराण’ (१९४४) वाचा. त्यात दुःख आहे, पण ती दुःखाची पोझ घेत नाही. ती चिडते, हिशेब विचारते, देव झालेल्या नवऱ्यावर बोट ठेवते: संस्थेला सगळे दिले, घराला काय? हे सांगताना तिला वाचकाची दया नको असते. तिची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले आणखी अवघड. बहिणीने पुनर्विवाह केला, हिने केला नाही. केशवपन झालेल्या वेषात ती कर्व्यांच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरली, पुढे १९१२ मध्ये तो वेष टाकला आणि १९१८ मध्ये तुटपुंज्या इंग्रजीवर अमेरिका गाठून लोकांच्या घरी काम करत राहिली. बायकांच्या कर्तव्यांविषयी तिची मते आजच्या वाचकाला बोचतील अशीच. सनातनी की सुधारक? तिची ‘माझी कहाणी’ वाचून उत्तर मिळत नाही, म्हणूनच ते पुस्तक कुठल्याही कादंबरीच्या वरचढ आहे. आणि ‘स्मृतिचित्रे’चे काय सांगावे! लक्ष्मीबाई टिळक नवऱ्यावर हसतात, स्वतःवर हसतात. आपल्या ऐतिहासिक कादंबरीत मात्र एकोणिसाव्या शतकातली बाई हसलेली मला आठवत नाही.

कानेटकरांच्या ‘हिमालयाची सावली’ नाटकात बाया कर्व्यांवरून बेतलेल्या बयोला फटकळ तोंड मिळाले, टाळ्याही मिळाल्या, पण तिचा सगळा राग नवऱ्याभोवतीच फिरतो. नाटकाचे मोजमाप हिमालयाचेच. 

मूळ दोष दुसराच आहे. ‘एकोणिसाव्या शतकातली स्त्री’ म्हणून आपण जिच्याबद्दल बोलतो ती पांढरपेशा ब्राह्मणाची विधवा. कोकणातल्या कितीतरी जातींत पाट लावण्याची, मोहोतुराची रीत होती. नवरा गेलेली बाई दुसऱ्या घरी नांदायला जाई. तिथेही छळ होता, पण तो वस्तऱ्याचा नव्हता. १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी मुक्ता साळवे चौदा-पंधरा वर्षांची होती. ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’त पुरुषांची खरपूस हजेरी घेतली. ताराबाई मराठा, बुलढाण्याची, तापट. तिच्यासारखी एक तरी नायिका कादंबरीत आहे? हरिभाऊंना अनुभव आपल्या वाड्यापुरता होता, हे समजते. आज ग्रंथालये उघडी आहेत, ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुन्हा छापली गेली आहे, तरी लेखक पुण्याच्या त्याच वाड्याच्या दिंडीतून आत शिरतात आणि माजघरापाशी थांबतात.

हे लेखक सांगतात, वाचकाला यमूच हवी असते. खोटे आहे. वाचकाला दुसरी कोणी दाखवलीच नाही. आलवणावर रडून झाले की आजच्या घरातल्या बाईकडे बघावे लागत नाही. आपण किती पुढे आलो, असे म्हणत पुस्तक मिटता येते. बाया कर्वे तसे मिटू देत नाही. तिने विचारलेले पैशाचे, कामाचे, नावाचे प्रश्न मोठ्या माणसांच्या बायका आजही विचारतात. म्हणून कोणी मुरुडवर कादंबरी लिहिणार असेल, तर त्याने बहिष्काराची सभा कर्व्यांच्या बाजूने सांगू नये. नव्या नवऱ्याच्या गावी आलेल्या त्या बाईला काय दिसले, कोणी पाणी दिले, कोणी दार लावले, ते आधी तिच्याच तोंडून ऐकावे.