‘एका नक्षलवाद्याचा जन्म’: कथानक, वातावरण, निवेदक कसे तपासायचे?

मराठीत पीएच.डी. करू पाहणाऱ्यांच्या आराखड्यात एक प्रकरण हमखास असतं: कथानक, पात्रं, वातावरण, भाषाशैली. प्रत्येक मथळ्याखाली पाच पानं सारांश. कादंबरी गडचिरोलीची असली की ‘वातावरण’खाली जंगल, नद्या, मोह, गोटूल यांची यादी येते आणि विश्लेषण संपतं. पण हे घटक प्रश्न विचारण्यासाठी असतात. विलास मनोहर यांच्या ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ या कादंबरीवर करून बघू.

शीर्षकच बघा, शेवट तिथेच सांगून टाकलाय. जुरू या माडिया तरुणाचं काय होणार हे आधीच ठाऊक, मग वाचक पुढे का वाचतो? ‘असं का झालं’ हे कळावं म्हणून. ई. एम. फॉर्स्टर यांनी ‘आस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल’मध्ये (१९२७) गोष्ट आणि कथानक यांत हाच फरक केला: गोष्टीत घटनांचा क्रम असतो, कथानकात कार्यकारणभाव. म्हणून सारांश लिहू नका. एकेक प्रसंग काढून बघा आणि विचारा, हा नसता तर जुरूचं नक्षलवादी होणं पटलं असतं का?

त्यात ‘जन्म’ हा शब्द. जन्म कोणी निवडत नाही. माझ्या मते कादंबरीची ताकद आणि अडचण दोन्ही या शब्दात आहेत. परिस्थितीच सगळं घडवत असेल, तर जुरू स्वतः काय ठरवतो? अन्यायाचा पुरावा एवढंच त्याचं काम उरलं तर तो पात्र राहत नाही. त्याचे स्वतःचे निर्णय शोधा, अगदी छोटेसुद्धा. पात्रचित्रणाचं प्रकरण त्यावर उभं राहील.

वातावरणाबद्दल थोडक्यात. फॉर्स्टरचं पुस्तक आलं त्याच १९२७ साली भारतीय वन अधिनियमही आला (योगायोग!). राखीव जंगलातून परवानगीवाचून वनोपज नेणं त्यानं गुन्हा ठरतं. माडियांचं घर आणि वनखात्याची हद्द एकाच जागी. म्हणजे इथलं जंगल मागचा पडदा नाही, संघर्ष तिथूनच सुरू होतो.

सगळ्यात कमी लिहिलं जातं ते निवेदकाबद्दल. मनोहर हे बाहेरून येऊन हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात काम करणारे कार्यकर्ते. तिथल्या प्राण्यांवरच्या ‘नेगल’मध्ये ‘मी’ म्हणजे ते स्वतःच. कादंबरीत ती सोय नाही. जुरूची भाषा माडिया, पुस्तकाची मराठी. मग जुरूच्या मनातला विचार छापून येतो तेव्हा ती मराठी कोणाची? असा एक उतारा घ्या, पेन्सिलनं शब्द अधोरेखित करा. कुठले शब्द जुरूच्या तोंडी शोभतात, कुठले फक्त निवेदकाच्या? मग माडिया शब्द जसेच्या तसे ठेवलेत तिथे थांबा. त्यांचा अर्थ सांगितलाय का, आणि कोणाला? भामरागडच्या वाचकाला तो सांगावा लागत नाही. पुण्या-नागपूरच्या वाचकाला लागतो.

गडचिरोलीत २०११ साली गोंडवाना विद्यापीठ झालं. ज्यांच्या घरात माडिया किंवा गोंडी बोलतात, अशी मुलं आता इथूनच संशोधनाची तयारी करू शकतात. अशा मुलांनी ‘आदिवासी जीवनाचे चित्रण’ हा तयार विषय आहे तसा उचलू नये. चित्रण कोणी, कोणासाठी केलंय हे विषयाच्या शीर्षकातच आलं पाहिजे. गाइड नको म्हणाले तर वरचा अधोरेखित उतारा त्यांच्यासमोर ठेवा.