ट्यूबवरचा आकडा आणि चेहऱ्यावरचे क्रीम

पाठ्यपुस्तकांची परीक्षणे छापून येतात, विज्ञानकथांचीही येतात. परंतु सर्वसामान्य घरात विज्ञानाचा जो मजकूर सर्वांत अधिक वाचला जातो तो असतो वस्तूंच्या वेष्टणांवर, आणि त्याचे परीक्षण सहसा कोणी करीत नाही. या लेखासाठी आम्ही असाच एक मजकूर निवडला आहे: चेहऱ्याला लावण्याच्या सनस्क्रीनच्या ट्यूबवरचा. तो कोण्या एका कंपनीचा नाही. औषधांच्या दुकानात ओळीने मांडलेल्या ट्यूबा पाहिल्या तर थोड्याफार फरकाने सगळीकडे तेच वाचायला मिळते. मोठ्या ठसठशीत अक्षरांत 'एस.पी.एफ. ५०', त्याखाली 'पी.ए.' आणि पुढे काही अधिक चिन्हे, मग 'ब्रॉड स्पेक्ट्रम', कोपऱ्यात 'उजळ कांती', आणि मागच्या बाजूला भिंग घेऊन वाचाव्या लागणाऱ्या वापराच्या सूचना.

यातली बरीचशी विधाने खोटी नाहीत. आमचा आक्षेप त्यांच्या क्रमाला आहे. चेहऱ्याचे संरक्षण ज्या गोष्टीवर सर्वांत अधिक अवलंबून असते ती मागे बारीक टाइपात जाते आणि जी गोष्ट एका मर्यादेनंतर फारसा फरक करीत नाही ती पुढे मिरवते. ग्राहक मग आकडा पाहून पैसे मोजतो आणि क्रीम मात्र चिमूटभर लावतो.

आकडा येतो कोठून?

एस.पी.एफ. ही कल्पना ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ फ्रान्झ ग्राइटर यांनी १९७४ मध्ये रूढ केली. आज ती मोजण्याची पद्धत अशी आहे. किमान १० स्वयंसेवकांच्या पाठीवरील त्वचेवर सूर्यप्रकाशासारखे अतिनील किरण देणाऱ्या दिव्याचा झोत सोडतात आणि त्वचा जेमतेम लाल होण्यास किती मात्रा लागते ते दुसऱ्या दिवशी पाहतात. शेजारच्या जागेवर क्रीम लावून तेच पुन्हा करतात. या दोन मात्रांचे गुणोत्तर म्हणजे एस.पी.एफ. क्रीम लावल्यावर लाली येण्यास ३० पट मात्रा लागली तर आकडा ३०.

म्हणजे एस.पी.एफ. १५ असलेले क्रीम लाली आणणाऱ्या किरणांचा पंधरावा भाग आत सोडते, ३० चे तिसावा आणि ५० चे पन्नासावा. टक्केवारीत सांगायचे तर अडवले जाणारे किरण अनुक्रमे सुमारे ९३, ९७ आणि ९८ टक्के. पंधरावरून तीसवर जाताना आत येणारे किरण निम्मे होतात, हा फरक मोलाचा आहे. तीसवरून पन्नासवर जाताना शंभरातले सुमारे ३.३ किरण येत होते ते २ येतात. हा फरकही शून्य नाही, पण दर्शनी आकड्यावरून वाटतो तेवढा मोठा नाही.

या आकड्याचा आणखी एक चुकीचा अर्थ लावला जातो, तो म्हणजे 'एस.पी.एफ. ५० लावले की उन्हात पन्नासपट वेळ राहता येते'. हे गुणोत्तर वेळेचे नाही, मात्रेचे आहे. सकाळी ८ वाजताचा अर्धा तास आणि दुपारी १ वाजताचा अर्धा तास घड्याळात सारखे असले तरी त्वचेला मिळणाऱ्या अतिनील किरणांच्या हिशेबात त्यांत मोठे अंतर आहे. शिवाय घाम येतो, रुमालाने चेहरा पुसला जातो. म्हणून दर दोन तासांनी पुन्हा क्रीम लावावे, ही मागची सूचना पुढच्या आकड्याइतकीच महत्त्वाची आहे.

लपलेली अट

आता मुख्य मुद्दा. प्रयोगशाळेतील ही चाचणी त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून करतात. आकडा खरा ठरतो तो या जाडीच्या थरासाठी. हे ट्यूबच्या दर्शनी भागावर कोठेही लिहिलेले नसते.

२ मिलिग्रॅम म्हणजे किती, हा आठवीच्या वर्गात सोडवण्याजोगा प्रश्न आहे. प्रौढ माणसाच्या त्वचेचे एकूण क्षेत्रफळ साधारण १.६ चौरस मीटर आणि चेहऱ्याचा वाटा साधारण साडेतीन टक्के धरला, तर चेहरा सुमारे ५६० चौरस सेंटिमीटर होतो. त्याला लागणारे क्रीम सुमारे १.१ ग्रॅम. ५० ग्रॅमची ट्यूब अशा सुमारे ४५ वेळा पुरेल. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा लावले तर बावीस-तेवीस दिवसांत ती संपायला हवी, आणि मान व कान धरले तर त्याआधीच. आपल्या घरातली ट्यूब किती महिने चालते ते वाचकांनी आठवून पाहावे.

प्रत्यक्षात लोक सुचवलेल्या मात्रेच्या पाव ते निम्मेच क्रीम लावतात, असे अनेक पाहण्यांत आढळले आहे. थर निम्मा झाला तर संरक्षण किती उरते? प्रकाशशोषणाचा नियम समतल, एकसारख्या थराला लावला तर आत येणाऱ्या प्रकाशाचे वर्गमूळ घ्यावे लागते. पन्नासचे वर्गमूळ सुमारे ७. त्वचा काही काचेसारखी गुळगुळीत नसते आणि क्रीम तिच्या खाचाखळग्यांत असमान पसरते, त्यामुळे अनेक प्रयोगांत घट एवढी तीव्र दिसलेली नाही. ती मात्रेच्या प्रमाणात, म्हणजे पन्नासची पंचवीस, अशी दिसली आहे. सातपासून पंचवीसपर्यंत कोणताही आकडा धरला, तरी निम्म्या मात्रेत लावलेले ५० चे क्रीम पूर्ण मात्रेत लावलेल्या ३० च्या क्रीमपेक्षा कमीच पडते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लोक कमीच लावणार हे गृहीत धरले, तर दोन्ही निम्म्या मात्रेत लावलेल्या क्रीमांत ५० चे क्रीम ३० च्या क्रीमपेक्षा सरस ठरते. त्यामुळे मोठा आकडा निरर्थक आहे असे आम्ही म्हणत नाही. पण मोठ्या आकड्याचे क्रीम महाग असेल आणि महाग म्हणून ते जपून वापरले जाणार असेल, तर तो आकडा गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर उतरत नाही, नुसता ट्यूबवर राहतो.

लाली न आणणारे किरण

जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे ९५ टक्के 'अतिनील-अ' असतात, म्हणजे ३२० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे. त्वचा भाजते ती मुख्यतः उरलेल्या ५ टक्के 'अतिनील-ब' किरणांनी, आणि एस.पी.एफ. मोजतो ते मुख्यतः हेच. अतिनील-अ किरण त्वचेत अधिक खोल जातात, तिचा ताठरपणा टिकवणाऱ्या तंतूंची हानी करतात, पण लाली आणून धोक्याची सूचना देत नाहीत. खिडकीची साधी काच अतिनील-ब जवळजवळ पूर्ण अडवते, अतिनील-अ मात्र बऱ्याच प्रमाणात आत सोडते. अमेरिकेत २८ वर्षे ट्रक चालवणाऱ्या एका ६९ वर्षांच्या माणसाचे छायाचित्र २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकाने छापले होते. खिडकीकडच्या डाव्या गालावर दाट, खोल सुरकुत्या आणि उजवा गाल त्या मानाने तरुण. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा एस.टी.च्या चालकांचा उजवा गाल अधिक ऊन खात असणार.

म्हणून क्रीम निवडताना एस.पी.एफ.च्या जोडीला अतिनील-अ संरक्षणाची खूण पाहिलीच पाहिजे. 'पी.ए.' ही जपानी पद्धत १९९६ पासूनची असून चौथे अधिक चिन्ह २०१३ मध्ये आले. चार चिन्हे म्हणजे अतिनील-अ संरक्षणाचा अंक १६ किंवा अधिक, तीन म्हणजे ८ ते १६. युरोपीय संघाची २००६ ची शिफारस आम्हाला अधिक सयुक्तिक वाटते. तिच्यानुसार अतिनील-अ संरक्षण एस.पी.एफ.च्या किमान एक-तृतीयांश असावे, आणि ५० च्या पुढचे आकडे न छापता सरसकट '५०+' एवढेच लिहावे. आकड्यांची चढाओढ तेथल्या तेथे थांबते.

येथे पाठ्यपुस्तकी समजुतीची एक दुरुस्तीही सुचवतो. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड यांचे कण 'बारीक आरशांप्रमाणे किरण परावर्तित करतात' असे सांगितले जाते. वास्तविक हे दोन्ही अर्धवाहक आहेत आणि अतिनील किरण ते मुख्यतः शोषूनच घेतात. झिंक ऑक्साइडमधील ऊर्जा-अंतर सुमारे ३.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. १२४० ला ३.३ ने भागले की सुमारे ३७५ नॅनोमीटर येतात. त्याहून आखूड तरंगलांबीचे किरण शोषले जातात.

पुरावा काय सांगतो?

सनस्क्रीनने खरोखर फायदा होतो का, याचा सर्वांत भक्कम पुरावा ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्यातल्या नॅम्बूर गावचा आहे. १९९२ पासून साडेचार वर्षे तेथील १६२१ प्रौढांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून पाहणी झाली. एका गटाने डोके, मान, हात यांना रोज सनस्क्रीन लावायचे, दुसऱ्याने आपल्या मर्जीप्रमाणे. त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाच्या गाठी पहिल्या गटात सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळल्या. दुसऱ्या एका प्रकारात फरक पडला नाही. प्रयोग संपल्यानंतर दहा वर्षांनी मेलॅनोमा हा घातक कर्करोग रोज लावणाऱ्यांत ११ जणांना आणि दुसऱ्या गटात २२ जणांना झालेला दिसला. या संख्या लहान असल्याने जपून घ्याव्यात. २०१३ मधील निष्कर्षानुसार त्वचेवर वार्धक्याच्या खुणाही रोज लावणाऱ्यांत २४ टक्क्यांनी कमी होत्या.

आणि त्या क्रीमचा एस.पी.एफ. किती होता? १६. आज दुकानात जो आकडा पाहून गिऱ्हाईक नाक मुरडेल, त्याच आकड्याच्या क्रीमने हा पुरावा दिला, कारण ते रोज लावले गेले.

आपल्या त्वचेचे काय?

नॅम्बूरचे निष्कर्ष गोऱ्या ऑस्ट्रेलियनांवरचे आहेत, ते जसेच्या तसे आपल्याला लावता येणार नाहीत. १९७९ मध्ये अमेरिकेत झालेल्या मोजमापात काळ्या त्वचेच्या बाह्यस्तराचे अंगभूत संरक्षण सुमारे १३ आणि गोऱ्या त्वचेच्या बाह्यस्तराचे सुमारे ३ भरले. आपली सावळी त्वचा या दोहोंच्या दरम्यान येते. त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण आपल्याकडे कमी आहे, ते मेलॅनिन या रंगद्रव्याच्या कृपेने. आपल्याकडच्या तक्रारी वेगळ्या आहेत: वांग, काळे डाग, मुरमांचे राहून गेलेले वण. यांत दृश्य प्रकाशाचाही वाटा आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दृश्य प्रकाशाने सावळ्या त्वचेवर टिकाऊ काळेपणा आला, गोऱ्या त्वचेवर आला नाही. साधे सनस्क्रीन दृश्य प्रकाश अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड घातलेले, मातकट रंगाचे क्रीम लागते. वांगावर इलाज करणाऱ्याला ही माहिती पन्नासच्या आकड्याहून अधिक उपयोगी आहे.

याउलट 'उजळ कांती' हे शब्द कोणत्याच मापाशी बांधलेले नाहीत. ते आपल्या समाजातल्या एका जुन्या न्यूनगंडाला हाक घालतात. काळ्या पडू म्हणून मैदानावर न उतरणाऱ्या मुली प्रत्येक शाळेत असतात. सनस्क्रीन मेलॅनिनला शत्रू मानून विकले जाते हा या मजकुराचा आमच्या मते सर्वांत मोठा दोष आहे, कारण मेलॅनिन हेच आपले पहिले सनस्क्रीन आहे. ज्या मुलांना क्रीमची खरी निकड असते, म्हणजे जन्मतः रंगद्रव्य नसलेली किंवा चेहऱ्यावर कोड असलेली मुले, त्यांच्यासाठी ट्यूबवर एक ओळही नसते.

शेवटचा प्रश्न विश्वासाचा. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका ग्राहक संघटनेने ५० किंवा ५०+ छापलेली २० सनस्क्रीने तपासून घेतली. त्यांपैकी १६ छापील आकड्यापर्यंत पोहोचली नाहीत. एकाचे मोजमाप तर ४ च्या आसपास आले. अमेरिकेत सनस्क्रीन हे औषधांच्या नियमांखाली येते. आपल्याकडे ते सामान्यतः सौंदर्यप्रसाधन म्हणून विकले जाते. स्वतंत्र तपासणी वारंवार व्हावी आणि तिचे निकाल नावानिशी जाहीर व्हावेत, ही मागणी आपण ग्राहकांनीच लावून धरली पाहिजे.

मग निवड कशी करावी? एस.पी.एफ. ३० किंवा अधिक, अतिनील-अ संरक्षणाची स्पष्ट खूण, आणि पूर्ण मात्रेत रोज लावणे परवडेल अशी किंमत. एवढे पुरे. पण क्रीमच्या आधी सावली. स्वतःची सावली उंचीहून आखूड असेल तेव्हा सूर्य ४५ अंशांच्या वर असतो आणि किरण प्रखर असतात. पुण्यात २२ डिसेंबरलाही मध्यान्हीचा सूर्य सुमारे ४८ अंशांवर असतो. म्हणजे हिवाळ्यातही दुपारी ही सावली आखूडच पडते. उन्हाळ्यात तर अतिनील निर्देशांक ११ च्या पुढे जातो. विद्यार्थ्यांनी महिनाभर दर तासाला काठीची सावली मोजून तक्ता करावा आणि शाळेच्या वेळापत्रकाशेजारी लावावा. कवायतीचा तास आखूड सावलीच्या वेळेत येत असेल तर तो मुख्याध्यापकांना दाखवावा. तो तास सकाळी हलवायला पैसे पडत नाहीत, आणि त्याचा लाभ वर्गातल्या प्रत्येक मुलाला मिळतो.