अल्लीपूरचा पळस आणि जगाची नोंदवही
जगभरातल्या वनस्पती-प्राण्यांच्या नोंदी एकत्र करणारा ‘जीबिफ’ हा संगणकीय संग्रह २००१ साली सुरू झाला. तो सर्वांना मोफत खुला आहे, ही जमेची बाजू. पण वर्धा जिल्ह्यातल्या अल्लीपूरचा पळस त्यात शोधताना मराठी नावावर विसंबता येत नाही. ‘ब्यूटिया मोनोस्पर्मा’ हे शास्त्रीय नाव रोमन लिपीत द्यावे लागते. गावाच्या नावापेक्षा नकाशावर चौकट आखणे बरे. नोंद मिळाली नाही, तर गावात पळस नाही असा निष्कर्ष आपण काढू नये. तो कोणी नोंदवलेला नाही, एवढेच. रिकाम्या नकाशावरून हा फरक कळत नाही, हे आम्हाला खटकते. तो शिक्षकांनीच समजावून द्यावा. सापडलेली नोंद इतरांना देताना नुसते चित्र नको. नोंदीचा क्रमांक, तारीख व नोंदवणाऱ्याचे नावही द्यावे. तरच ती पुन्हा तपासता येते.