जाळीपलीकडचा कान

सुलतानपूरहून लोणार जवळच. लहानपणी आजी मला तिथल्या गोमुखाच्या धारेखाली उभं करायची आणि म्हणायची, “डोक्शावर घे रे बावा, समदं वाहून जाईन.” समदं म्हणजे काय, हे तिनं कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. लोणारच्या विवराच्या काठावरची ती धार बारमाही. तिच्याखाली उभं राहणाऱ्याला तोंड उघडावं लागत नाही. पाप असेल तर ते पाण्याला आपोआप कळतं, असं आम्ही धरून चाललो होतो.

म्हणून पुढे वसईत, ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, एका चर्चमध्ये पापनिवेदनाची रांग पाहिली तेव्हा मी थबकलो. लुगडं नेसलेल्या म्हाताऱ्या, कॉलेजातली मुलं, हातात मोटारसायकलची किल्ली धरलेला एक तरुण, सगळी बाकांवर गप्प बसलेली. एकेक जण उठून लाकडी जाळीपाशी गुडघे टेकत होता. इथे न्हाऊन भागत नाही, सांगावं लागतं. आणि तेही देवाला एकांतात नव्हे, तर हाडामांसाच्या माणसाला. फादर गावातलेच, उद्या बाजारात समोर येतील असे.

त्या दिवसापासून मी या विधीकडे एखाद्या रचनेकडे पाहावं तसा पाहत आलो आहे. अडचण एवढीच, की या रचनेची संहिता कुणालाच मिळत नाही. जाळीअलीकडे बोललेला शब्द जाळीपलीकडे जातो आणि तिथेच पुरला जातो. धर्मगुरूनं तो उघड केला तर चर्चच्या कायद्यानं तो त्या क्षणीच बहिष्कृत होतो. त्यासाठी वेगळी सुनावणीही लागत नाही. तेव्हा रसग्रहण करायचं ते न ऐकलेल्या मजकुराचं, त्याच्या घडणीवरून.

घडणीतली पहिली गोष्ट म्हणजे क्रियापद. आपल्या मराठीत चुकीला पळवाट फार सोपी आहे. ‘माझ्या हातून चूक झाली.’ हात जणू शेजाऱ्याचा, आणि चूक आपली आपण झालेली. ‘बोलण्याच्या भरात निघून गेलं,’ ‘वेळच तशी होती.’ पापनिवेदनात ही वाक्यं टिकत नाहीत. तिथे ‘मी’ लागतो. ‘मी खोटं बोललो’, ‘मी चोरी केली’. यातल्या दुसऱ्या वाक्याकडे जरा थांबून पाहावं. कर्ता ‘मी’, पण क्रियापद वळलंय ते चोरीच्या लिंगावर. करणारा पुरुष असो की बाई, ‘केली’च. मराठीचा कर्मणी प्रयोग इथे एक भयंकर खरी गोष्ट सांगून जातो: कृत्य घडलं की वाक्यावर सत्ता कृत्याची. माणूस कोपऱ्यात ‘मी’ म्हणून उभा. वसईचा ख्रिस्ती माणूस जेव्हा आपल्या भाषेत पाप सांगतो, तेव्हा हे व्याकरणही त्याच्यासोबत गुडघे टेकत असणार.

दुसरी गोष्ट संख्येची. कॅथलिक चर्चच्या त्रेंत इथल्या धर्मसभेनं 1551 साली स्पष्ट केलं की गंभीर पापं प्रकारानिशी सांगायची, आणि किती वेळा तेही. वरवर हा वाण्याचा हिशेब वाटतो. मला मात्र यात उत्तम गद्याची शिस्त दिसते. ‘मी फार वाईट माणूस आहे’ हे वाक्य ऐकायला नम्र, पण आतून पोकळ. त्यात विशेषण आहे, घटना नाही. ‘भावाच्या वाट्याची जमीन मी लाटली’ यात विशेषण नाही, म्हणूनच ते जड आहे. जो कधी स्वतःविषयी लिहायला बसला आहे त्याला ठाऊक असेल, की विशेषणांच्या मागे लपणं किती सुखाचं असतं.

पण मग ऐकणारा माणूस कशाला? हा प्रश्न माझ्यासारख्या धारेखाली वाढलेल्याला पडतोच. कॅथलिकांचं उत्तर योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात आहे. पुनरुत्थित येशू शिष्यांवर श्वास फुंकतो आणि पापं सोडण्याचा व राखून ठेवण्याचा अधिकार त्यांच्या हाती देतो. सोडायचं की राखायचं हे ठरवायचं तर आधी ऐकायला हवं. शिवाय त्यांच्या लेखी पाप हे देव आणि मी यांच्यातलं खाजगी प्रकरण कधीच नसतं. त्यानं श्रद्धावंतांची मंडळीही जखमी होते. जाळीपलीकडे बसलेला माणूस देवाच्या वतीनं ऐकतो, तसाच त्या जखमी मंडळीच्या वतीनंही ऐकतो. चर्चच्या पहिल्या काही शतकांत तर मोठ्या पापांचं प्रायश्चित्त सगळ्यांच्या देखत चाले. ते एका कानापर्यंत आलं आयरिश मठवासीयांमुळे, साधारण सहाव्या-सातव्या शतकापासून. 1215 च्या लॅटरन सभेनं वर्षातून एकदा तरी पापनिवेदन बंधनकारक केलं, आणि सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ यांनी ती जाळीची लाकडी कोठडी रूढ केली. चेहरा झाकला, उरले फक्त तोंड आणि कान. मला ही जाळी त्या साऱ्या इतिहासातली सर्वांत सुंदर भर वाटते. माणूस समोर हवा, पण त्याची नजर नको, ही किती खोल जाण आहे.

आणि हे आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. मनुस्मृती पापातून सुटण्याचे मार्ग मोजते तेव्हा पहिलं नाव येतं ‘ख्यापन’, म्हणजे आपलं पाप बोलून दाखवणं. अनुताप त्याच्यानंतर. धर्मशास्त्राप्रमाणे प्रायश्चित्त घेणाऱ्यानं परिषदेपुढे जाऊन दोष सांगायचा असे. जैन साधू गुरूपुढे आलोचना करतात. बौद्ध भिक्खूही दोष सहभिक्खूला सांगतो. गांधीजींची गोष्ट तर शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते: भावाच्या सोन्याच्या कड्यातला तुकडा चोरल्याची कबुली त्यांनी चिठ्ठीवर लिहून आजारी वडिलांच्या हाती दिली, वडिलांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली. आत्मकथेत त्यावर गांधीजी म्हणतात ते मला या विषयाचं मर्म वाटतं. कबुली शुद्ध हवी, पुन्हा न करण्याच्या निश्चयासह हवी, आणि ती घेण्याचा ज्याला अधिकार आहे त्याच्यापुढे हवी. अधिकार हा शब्द महत्त्वाचा. मित्राला सांगितलं तर तो समजूत घालतो, शत्रूला सांगितलं तर तो वापरतो. ऐकून घेऊन मोकळं करू शकेल असा तिसराच कुणी लागतो.

त्या अधिकाराचा गैरवापर होऊ शकतो, आणि झालेला आहे. 2018 साली केरळात एका ऑर्थोडॉक्स चर्चच्या काही धर्मगुरूंवर पापनिवेदनाच्या आडून एका स्त्रीचं शोषण केल्याचा आरोप झाला. तेव्हा राष्ट्रीय महिला आयोगाच्या अध्यक्षांनी ही प्रथाच बंद करण्याची शिफारस केली आणि कॅथलिक बिशपांनी तिला विरोध केला. पापनिवेदनाच्या निमित्तानं कुणाला वासनेकडे ओढणाऱ्या धर्मगुरूला चर्चच्या कायद्यातही शिक्षा आहे. मला वाटतं, अशा प्रसंगी चर्चनं आधी त्या स्त्रीच्या बाजूनं बोलावं, विधीच्या बाजूनं नंतर. ज्याच्यापुढे माणूस सगळ्यात उघडा होतो, त्याच्या हातून झालेला घात साधा घात नसतो.

आता शेवटचं वळण, आणि हेच मला पुन्हा पुन्हा तिथे ओढून नेतं. सगळं सांगून झाल्यावर धर्मगुरू क्षमेचं सूत्र उच्चारतो. पश्चिमेकडच्या चर्चमध्ये हे सूत्र पूर्वी प्रार्थनेच्या रूपात होतं: देवानं तुला क्षमा करावी, अशा अर्थाचं. तेराव्या शतकापर्यंत ते बदललं, आणि धर्मगुरू प्रथमपुरुषात, वर्तमानकाळात बोलू लागला: ‘मी तुला पापमुक्त करतो.’ थॉमस अक्वायनसनं या रूपाची बाजू मांडण्यासाठी स्वतंत्र लेखन केलं, इतका तो मुद्दा मोलाचा होता. मराठीत ऐकावं म्हणजे बदल कळतो. पाप्याचं क्रियापद कर्मणी होतं, कृत्याच्या ताब्यातलं. क्षमेचं क्रियापद कर्तरी, करणाऱ्याच्या हातातलं. भूतकाळाला वर्तमानकाळ उत्तर देतो. सुरुवातीचा ‘मी’ गुडघ्यांवरच्या माणसाचा होता, शेवटचा ‘मी’ जाळीपलीकडून येतो, आणि तोही त्या धर्मगुरूचा स्वतःचा नाही. तो दुसऱ्याच्या वतीनं ‘मी’ म्हणतोय. त्याला स्वतःला क्षमा करता येत नाही, त्यासाठी त्यालाही दुसऱ्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकावे लागतात. 2014 च्या मार्चमध्ये पोप फ्रान्सिस सेंट पीटर्समध्ये लोकांना पापनिवेदनासाठी भेटायला निघाले होते. आधी स्वतःच एका साध्या धर्मगुरूपुढे गुडघ्यांवर बसले.

वसईत कित्येक पिढ्यांनी पाप आपल्या बोलीत सांगितलं आणि क्षमा लॅटिनमध्ये ऐकली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्षमाही लोकभाषेत बोलू लागली. ज्या भाषेत भांडलो, त्याच भाषेत सुटलो, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्या म्हाताऱ्यांना काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

त्या दिवशी रांगेतली एक आजी जाळीपासून उठली. पुढच्या बाकावर गुडघे टेकले, ओठ थोडा वेळ हलले, मग पदर सारखा करून, भाजीची पिशवी उचलून ती निघून गेली. मला माझी आजी आठवली. मला धारेखालून बाजूला काढल्यावर ती स्वतः पाण्याखाली उभी राहायची, आणि माझ्यापेक्षा बराच वेळ उभी राहायची. तिचेही ओठ हलत असत. पाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नसे.