दोन व्याधी, एक देह : मराठी आजारकथनाची एक मर्यादा

मराठीतील आजारविषयक आत्मपर लेखन बहुधा एकाच व्याधीभोवती उभे राहते. डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ आणि डॉ. अरविंद बावडेकर यांचे ‘कॅन्सर माझा सांगाती’ ही शीर्षकेच पाहावीत. ‘साक्षात्कार’ आणि ‘सांगाती’ या दोन्ही शब्दांमागे संतपरंपरेचे संस्कार आहेत. व्याधी शत्रू न राहता गुरू किंवा सोबती ठरते. अर्थात, डॉ. बंग यांच्या पुस्तकाचे खरे बळ या रूपकापेक्षा, डॉक्टर असूनही स्वतःच्या देहाकडे केलेल्या दुर्लक्षाच्या कबुलीत आहे.

फुप्फुसाचा कर्करोग आणि पोटातील महाधमनीचा फुगवटा, म्हणजे अॅन्युरिझम, एकाच रुग्णात आढळतात तेव्हा मात्र हा आकृतिबंध अपुरा पडतो. दोहोंमागे धूम्रपान हे प्रमुख कारण असल्याने हा निव्वळ दैवयोग नव्हे. कोणतेही लक्षण नसलेला फुगवटा कर्करोगासाठी काढलेल्या सीटी स्कॅनमध्येच प्रथम दिसतो, असेही घडते. पुरुषांमध्ये तो साधारणतः ५.५ सेंटिमीटरचा झाला की दुरुस्तीचा विचार केला जातो. पोट उघडून आधी धमनी दुरुस्त करावी, तर रुग्ण सावरेपर्यंत कर्करोगाला अवधी मिळतो. आधी फुप्फुसाचा रोगग्रस्त भाग काढावा, तर मधल्या काळात धमनी फुटण्याचे भय उरते. १९९० च्या दशकापासून रूढ होत गेलेल्या, जांघेतील धमनीतून स्टेंट-ग्राफ्ट बसविण्याच्या पद्धतीने हे अंतर पुष्कळ कमी केले. क्रमाचा पेच मात्र पूर्णतः सुटलेला नाही. कर्करोग दूरवर पसरला असेल, तर लहान फुगवट्यावर नुसती नजर ठेवणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णयच असतो.

अशा रुग्णाने ‘सांगाती’ कोणाला म्हणावे? कर्करोगाला मराठीत भीतीचा आणि कुजबुजीचा इतिहास आहे. महाधमनीच्या फुगवट्याला तर रुळलेले नावही नाही. ‘पोटातली नस फुगली आहे’ एवढ्यावरच संभाषण थांबते. तळेगाव ढमढेरे येथून तपासणीसाठी पुण्यास जाणाऱ्या कुटुंबाला ‘कॅन्सर’ तात्काळ कळतो आणि ‘आधी कॅन्सर काढा’ हा आग्रहही स्वाभाविक असतो. ज्याला नाव नाही त्याच्यावर आधी उपचार का, हे त्या कुटुंबाला सांगणारी भाषा उपलब्ध आजारकथनांतून मिळत नाही. साक्षात्काराच्या कथेला आजारापूर्वीचे आणि आजारानंतरचे आयुष्य लागते. येथे दोन शस्त्रक्रियांमधले काही आठवडे आहेत, आणि त्या आठवड्यांत पोटातील फुगवट्याची वा छातीतील गाठीची कोणतीही जाणीव न होता घरी बसलेला माणूस आहे.