प्रकाशक–वर्गणीदार पद्धती : स्वातंत्र्य आणि त्याची मर्यादा

वितरित सॉफ्टवेअरच्या रचनेत घटक परस्परांना थेट न बोलावता घटनांच्या द्वारे व्यवहार करतात, या पद्धतीचे सुसूत्र विवेचन पॅट्रिक ऑयग्स्टर व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००३ साली ‘एसीएम कॉम्प्युटिंग सर्व्हेज’मध्ये केले. नानाविध प्रणालींना एकाच विचारसूत्रात गोवणे, हे त्या निबंधाचे श्रेय निर्विवाद होय.

त्यांच्या मते या पद्धतीचे सामर्थ्य त्रिविध स्वातंत्र्यात आहे. प्रकाशकास वर्गणीदाराचा पत्ता ठाऊक नसतो, हे स्थलाचे स्वातंत्र्य. दोघे एकाच वेळी कार्यरत असावे लागत नाहीत, हे कालाचे. आणि एकाने दुसऱ्यासाठी खोळंबून राहावे लागत नाही, हे तिसरे. मधली वितरणव्यवस्था घटना स्वीकारते व नोंदविलेल्या वर्गणीप्रमाणे पोहोचविते. परस्परांवरील स्पष्ट अवलंबित्व अशा रीतीने दूर झाल्याने प्रणालीचा विस्तार सुकर होतो.

येथे ‘स्पष्ट’ हे विशेषण महत्त्वाचे आहे. जे दूर होते ते पत्त्याचे अवलंबित्व, अर्थाचे नव्हे. देयकाची रक्कम रुपयांत कळविणाऱ्या प्रकाशकाने उद्या ती पैशांत कळविण्यास आरंभ केला, तर घटना पूर्ववत पोहोचतील, कोठेही अडथळा जाणवणार नाही, आणि वर्गणीदाराचे हिशेब मात्र शंभरपट चुकतील. वर्गणीदार कोण हे प्रकाशकास अज्ञात असल्यामुळे पूर्वसूचना कोणास द्यावी, हेही त्यास कळत नाही. जो गुण तोच येथे दोष ठरतो.

क्रमाविषयीही हेच म्हणता येईल. लिंक्डइनमध्ये निर्माण होऊन २०११ साली सर्वांस खुली झालेली काफ्का ही प्रणाली घटनांची नोंदवही जतन करते. वर्गणीदार आपल्या सवडीने ती वाचतो. परंतु क्रमाची हमी एका विभागापुरतीच असते. मागणीची नोंद एका विभागात व तिची रद्दता दुसऱ्यात गेल्यास, रद्दता आधी वाचली जाणे संभवते. एकाच मागणीच्या घटना एकाच विभागात जाव्यात, ही दक्षता योजकानेच घ्यावयाची असते.

तात्पर्य, ही पद्धती अवलंबित्व नष्ट करीत नाही. ते पत्त्यावरून घटनेच्या अर्थाकडे व क्रमाकडे नेते. म्हणून घटनेचे स्वरूप हा प्रकट करार मानून त्याच्या बदलांची जबाबदारी निश्चित केल्याविना या स्वातंत्र्याचा गौरव अपुराच राहील.